नाव लागेपर्यंत

मंजिरीनं दोन्ही फोन तांदळाच्या डब्यात खुपसले, झाकण दाबून बसवलं आणि मिक्सरच्या भांड्यात मूठभर हरभऱ्याची डाळ टाकून बटण फिरवलं. मिरजेच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात असा खडखडाट सुरू झाला, की खिडकीत निजलेलं मांजर उठून चालतं झालं.

"वन्सं, पीठ होईल डाळीचं," केतकी म्हणाली.

"होऊ दे. पिठलं करीन. कान आण इकडं."

"आणि फ्रीज? त्यालाही कान असतो म्हणतात."

"त्याची वायर सकाळीच काढलीय. दूध नासलं, पण कान मिटला."

मंजिरी ही केतकीच्या नवऱ्याची थोरली बहीण. केतकीच्या लेकीच्या बारशाला पाळण्यावर वाकून कानात नाव सांगितलं ते तिनंच. तो आत्याचाच मान. आता बारसं होतं केतकीच्या धंद्याचं, आणि तो मानही केतकीनं आपण होऊन तिलाच दिला होता. कारण केतकी जी उपासाची भाजणी बाजारात आणणार होती, ती मुळात तिच्या सासूची, म्हणजे मंजिरीच्या आईची. भगर, राजगिरा, साबुदाणा वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, जिरं सगळ्यात शेवटी, आणि गार झाल्याशिवाय दळायचं नाही. सासूबाई गेल्या माघात गेल्या. जाताना घरात फार काही ठेवून गेल्या नाहीत. सुनेच्या हातात ही भाजणी मात्र ठेवून गेल्या.

मंजिरीनं तिच्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. मग मागं सरून, न बोलता, दोन्ही तळवे जोडून ओंजळ करून दाखवली. केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळी नावं तिनं आधी धुंडाळली होती. सात्त्विक, सुग्रास, शुद्ध, पवित्र, सगळी कुणी ना कुणी घेतलेली. देवादिकांची नावं खाजगी धंद्याला आता मिळतच नव्हती. आणि हे नाव इतके दिवस घरातच होतं.

मिक्सर थांबला. मंजिरी पाठ वाकवून तिच्यापुढं उभी राहिली. "घाल धपाटा."

बारशाला आत्यानं नाव सांगितलं, की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. केतकी हसली. "आत्ता नाही. नाव कागदावर लागू दे, मग घालते. चांगला जोरात."

"कुणापुढं बोलू नको हो मात्र."

"तुम्ही नका बोलू म्हणजे मिळवलं, वन्सं."

थट्टेतच म्हणाली ती. मंजिरीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, ही बातमी आधी तिच्याकडून निघायची आणि मग त्या घरी पोचायची. मंजिरीही हसली. पण हसू ओठांवरच राहिलं, आणि ती डाळीचं पीठ चाळणीत ओतायला वळली.

*

ही एवढी लपवाछपवी कशासाठी, ते सांगायला हवं.

पूर्वी धंद्याचं नाव तपासायचं म्हणजे कंपन्यांची नोंद चाळायची, व्यापारचिन्हं पाहायची, इंटरनेटवर तो पत्ता मोकळा आहे का बघायचं. कागदावर नाव रिकामं दिसलं, की ते आपलं. पण त्यात एक मोठा अन्याय होता. एखाद्या पेठेत कुणा तात्यांची भेळ उभ्या आयुष्यभर प्रसिद्ध असायची. तात्यांनी नोंदणी केलेली नसायची, कारण त्यांना कधी गरजच पडली नाही. मग कुणी शहाणा येऊन ते नाव नोंदवायचा आणि तात्यांनाच नोटीस धाडायचा. म्हणून कायदा बदलला. नाव कागदावर कुणाचं आहे याच्या जोडीला ते लोकांच्या तोंडात कुणाचं आहे, हेही बघायचं ठरलं.

ते बघणारं जे यंत्र आलं, त्याचं सरकारी नाव एका दमात म्हणून होत नसे. लोक त्याला कानोसा म्हणत. फोन, फ्रीज, दुकानात पैसे मिळाल्याचं ओरडून सांगणारी डबी, देवळातली दानपेटी, जिथं जिथं आवाज टिपणारी चकती होती, तिथं तिथं कानोसा होता. तो बोलणं साठवत नसे. ऐकलेल्या शब्दांचे तिथल्या तिथं आकडे होत, आणि त्यातून एवढंच उरे, की अमुक एक नाव अमुक वस्तूच्या नि शब्दांच्या जोडीनं, अमुक वेळी, अमुक भागात उच्चारलं गेलं. कोण बोललं, कुणाशी बोललं, हे तो विसरून जाई. तशी कायद्याची ताकीदच होती. माळावर गवतातून माणसं जात राहिली, की पायवाट पडते. पावलं कुणाची ते गवत सांगत नाही, पण वाट दिसते. कानोशाला नावांच्या अशा वाटा दिसत.

तात्यांना न्याय मिळाला. पण विहिरीवर रहाट बसवला, की कुत्रीही पाणी प्यायला येतातच. काही कंपन्या नुसत्या या वाटांवर डोळा ठेवून बसू लागल्या. नोंद न झालेलं एखादं नाव लोकांच्या तोंडी रुळायला लागलेलं दिसलं, की त्या आधी हक्क सांगत आणि मग तेच नाव मूळ माणसाला विकत. त्यामुळं झालं असं, की होऊ घातलेल्या दुकानाचं नाव नवरा बायकोला सांगेना आणि बाप लेकाला. नाव फुटलं, म्हणजे नाव गेलं.

केतकीनंही नवऱ्याला सांगितलं नव्हतं. अमोघनं एकदाच विचारलं, आणि ती नाही म्हणाल्यावर पेपरात डोकं घातलं ते वर काढलं नाही.

*

नाव-नोंदणी कक्षातल्या काचेच्या खोलीत पाटी होती, 'नाव टाइप करावे, उच्चारू नये.' दुकानं आणि पाकिटं ठरवण्यात मधे महिना गेला होता. केतकीनं देवाचं स्मरण करून नाव टाइप केलं. श्रावण तोंडावर आला होता. तीन दुकानदारांनी भाजणी ठेवायचं कबूल केलं होतं, पण नोंदलेल्या नावाशिवाय पाकीट विकायला बंदी. श्रावण हुकला, की उपासाच्या जिनसांचं वर्ष हुकलं.

पडद्यावर आधी कंपन्यांची नोंद हिरवी झाली. मग व्यापारचिन्हं हिरवी. मग कानोशाचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं, आणि तांबडं झालं.

'सदर नावाचा ठसा आढळला. जिल्हा सांगली. वस्तू: उपासाचे पीठ. या ठशावर नवनाम कंपनीने हक्क नोंदवला आहे.'

केतकीनं ते पुन्हा वाचलं. उपासाचं पीठ. म्हणजे हे कुणाचं दुसरं, योगायोगानं जुळलेलं नाव नव्हतं. हे तेच होतं. ती आणि मंजिरी, दोघींखेरीज पृथ्वीवर कुणाला ठाऊक नसलेलं.

कक्षाच्या अधिकारी तांबोळी मॅडम मऊ बोलणाऱ्या होत्या, पण नियम काही मऊ नव्हता. "ठसा कुणाचा, हे आम्हालाही दिसत नाही हो ताई. पुढच्या गुरुवारी सुनावणी. ही वाट पडायच्या आधीपासून ज्याला हे नाव माहीत होतं, असा एक साक्षीदार आणा. तुम्ही सोडून दुसरा."

"लिहून आणलं तर?"

"लिहिलेलं आता कोण मानतंय? कागद काय, फोटो काय, हवा तसा बनवता येतो. माणसानं इथं बसून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तेवढंच ग्राह्य." त्यांनी चष्मा पुसला. "साक्षीदार नाही आला, तर नाव नवनामला जाईल."

*

"मला सांगितलं नव्हतंस ना?" अमोघ म्हणाला. "मग मी सुटलो. राहिलं कोण?"

केतकीनं भाजणीचा डबा उगाच पुसायला घेतला.

"मी तिचा भाऊ आहे, म्हणून सांगतो. ताई मनानं वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. बोलली असेल कुणापाशी भाजी निवडता निवडता."

"नुसतं बोलण्यानं वाट पडत नाही हो. पुष्कळ तोंडं लागतात."

"मग पुष्कळांना बोलली असेल." थोडं थांबून तो म्हणाला, "नाहीतर कुणी विचारायला आलं असेल. या कंपन्या माणसं पाठवतात म्हणे घरोघर."

हे दुसरं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. ते केतकीच्या मनात गोचिडासारखं रुतलं. दुसऱ्या दिवशी ती सांगलीहून मिरजेला गेली.

मंजिरीनं दार उघडलं. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि खाली मान घालून समोर बसली. एरवी चप्पल काढायच्या आत निम्म्या मिरजेची खबर सांगणारी बाई, आज तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"वन्सं, नाव फुटलं."

मंजिरीनं झटकन वर पाहिलं. डोळे मोठे झाले, पण ओठ मिटलेलेच.

"तुम्ही कुणापाशी बोललात का? चुकून बोलल्या असाल तरी सांगा. मी रागावणार नाही."

उत्तर नाही. हो नाही, की नाही नाही. मानेची हालचालसुद्धा नाही. एखाद्या लाकडी बाहुलीसमोर बसावं, तशी केतकी तिच्यासमोर बसली होती. आणि तिला वाटलं, आपल्याला कळलं. ज्याच्यापाशी खरं सांगायला तोंड नसतं, तो असाच बसतो.

"कुणी आलं होतं विचारायला?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आईंचं नाव होतं ते. किती घेतलेत त्याचे?"

तांब्या पुढं सरकवणारा मंजिरीचा हात जागच्या जागी थांबला. तिचे डोळे भरून आले, वाहिले, पण तिनं ते पुसलेही नाहीत. ती उठली, देवघरापाशी जाऊन बसली आणि पाठ फिरवली. केतकी उंबऱ्यात उभी राहून त्या पाठीकडं बघत राहिली. हिच्याच पाठीत आपण धपाटा घालणार होतो. मग तिनं चपला घातल्या.

*

केतकीचा एक नेम होता. कृष्णेच्या घाटावरच्या दत्ताच्या देवळात पहाटे जायचं, औदुंबराला प्रदक्षिणा घालायच्या आणि पादुकांपुढं हात जोडून त्या दिवसाचा संकल्प सांगायचा. लग्न होऊन आल्यापासून तिनं तो मोडला नव्हता. सासूबाईंनीच शिकवलं होतं, "मनातल्या मनात म्हणू नये गं, मन घसरतं. देवापुढं तोंडानं बोलावं. बोललेल्या शब्दाला बांधलं जातं माणूस."

सुनावणीच्या आदल्या पहाटे ती गेली, ती पाय ओढतच. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. प्रदक्षिणा झाल्या. मागं नेहमीच्या बायका बसल्या होत्या, कुणी वाती वळत, कुणी जप करत. केतकीनं हात जोडले, डोळे मिटले आणि रोजचे शब्द तिच्या ओठांतून आपोआप बाहेर पडायला लागले.

"दत्ता महाराजा, माझ्या हातून गोदाक्काची ओंजळ उभी राहू दे..."

जागरणानं पुढचे शब्द तिला आज सुचेनात. "...कुणाच्या उपासाला कमी पडू देऊ नको," मागच्या बायकांनी पुरं केलं.

आरतीचं पालुपद म्हणावं, इतक्या सहज म्हणाल्या. वाती वळणारे हात थांबलेसुद्धा नाहीत. शेजारी कुणीतरी दानपेटीवर फोन टेकवला आणि पेटी गोड आवाजात बोलली, "आपले दान पोचले." पेटीवरचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. तो रोजच लुकलुकायचा. केतकीनं आजवर त्याच्याकडं कधी पाहिलंच नव्हतं.

ती वळली. "काकू, हे नाव... तुम्हाला कुणी सांगितलं?"

पुजारीकाकूंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. "म्हणजे काय? रोज तूच सांगतेस की देवाला. आम्हाला पाठ झालं. परवा माझ्या जावेला म्हटलं, श्रावणात मी बाहेरची भाजणी घेणार नाही, गोदाक्काची ओंजळ निघतेय, तीच घेणार. घाटावर सगळ्या वाट बघतायत बघ."

केतकी तिथंच पायरीवर बसली. कुणालाही सांगितलं नाही, असं ती शपथेवर म्हणाली असती, आणि तिला ते खोटं वाटलं नसतं. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं तिच्या मनातच आलं नव्हतं. वाट पडली होती, ती तिच्याच पावलांनी. नवनामनं चोरलं होतं ते तिनंच रोज पहाटे उंबऱ्यावर आणून ठेवलेलं.

"आणि तुझी नणंद कशी आहे?" काकूंनी विचारलं. "काष्ठमौन निभतंय का तिला? मी म्हटलं होतं, मंजिरी, तुझ्यानं व्हायचं नाही ते."

"काष्ठमौन?"

"तुला माहीत नाही? इथंच धरलं की तिनं, पादुकांपुढं. बोलायचं नाही, लिहायचं नाही, खूण नाही, मान हलवायची नाही. लाकडासारखं. मला म्हणाली, काकू, एक गोष्ट पोटात ठेवायचीय आणि माझं तोंड मला माहीत आहे. भावजयीचं नाव लागेपर्यंत आता बोलणं नाही. कसलं नाव ते काही सांगितलंन नाही हो. तेवढं मात्र पक्कं ठेवलंन."

घाटाखाली कृष्णा गढूळ होऊन भरून वाहत होती. केतकीनं पदर तोंडावर धरला. तिच्या थट्टेच्या एका वाक्यावर ती बडबडी बाई लाकूड होऊन बसली होती, आणि त्या लाकडाला तिनं विचारलं होतं, किती घेतलेत.

*

मिरजेला त्या दिवशी दार उघडंच होतं. मंजिरी ताकाला रवी लावून बसली होती. केतकीनं वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय हलले नाहीत. रवीही थांबली नाही.

"मीच फोडलं, वन्सं. देवळात, रोज, मोठ्यानं." घाटावरचं सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "उद्या सुनावणी आहे. वाट पडायच्या आधी नाव ठाऊक असलेलं माणूस तोंडानं बोललं पाहिजे. असं माणूस एकच आहे."

रवी फिरत होती. घुसळलेलं लोणी वर यायला लागलं होतं.

"नाव लागेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही, आणि तुम्ही बोलल्याशिवाय नाव लागायचं नाही. देवानं कसली गाठ मारलीय बघा." केतकी उठली. "मी तुम्हाला या म्हणायला नाही आले. व्रत मोडा म्हणणारी मी कोण? जे बोलले ते माझं मला परत घ्यायचं होतं, तेवढंच."

मंजिरीनं वर पाहिलं नाही. केतकी बाहेर पडली, आणि फाटकापर्यंत तिला ताकाचा तो एकसारखा आवाज ऐकू येत राहिला. राग होता, की क्षमा, की नुसतं ताकच होतं, तिला कळेना.

*

सुनावणीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पडदा होता, आणि टेबलावर एक तांब्याच्या रंगाची वाटोळी चकती. ती कानोशाची. नवनामकडून सोनटक्के नावाचे गृहस्थ आले होते. कोट, बारीक हसू आणि बोलणं तुपात घोळल्यासारखं.

"हे नाव आमच्या पुण्याच्या चमूनं घडवलं," ते म्हणाले. "गोदा म्हणजे गोदावरी. अक्का हा आदर. ओंजळ म्हणजे नदीला आपण देतो ते अर्घ्य. पावित्र्य आणि उपास, यांचा मेळ. आमचे प्रतिनिधी साक्षीला हजर आहेत."

तांबोळी मॅडमनी नोंद घेतली आणि केतकीकडं पाहिलं. "तुमचा साक्षीदार?"

केतकी उठणार, तोच दार उघडलं. मंजिरी आत आली. नेसूचं इरकल चापून चोपून, कपाळाला ठसठशीत कुंकू. कुणाकडंही न पाहता ती साक्षीदाराच्या खुर्चीत येऊन बसली.

"तुमचं नाव?" मॅडमनी विचारलं.

चकतीवरचा ठिपका लुकलुकत राहिला.

"बाई, तुमचं नाव सांगा."

मंजिरीचे ओठ थरथरले आणि पुन्हा मिटले. सोनटक्के हळूच खोकले. "साक्षीदारालाच काही आठवत नाहीसं दिसतंय."

केतकीनं नणंदेकडं पाहिलं. त्या मिटल्या ओठांशी चाललेली झटापट तिला दिसत होती. व्रत करणाऱ्या बाईला व्रत मोडणं म्हणजे काय, हे दुसऱ्या व्रत करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. आलेली होती, एवढंच पुष्कळ होतं.

"मॅडम, त्यांचं मौन आहे," ती म्हणाली. "माझ्यापायी धरलेलं. त्यांना काही विचारू नका. मी माझा अर्ज मागं घेते."

"मागं घेतलात, तर नाव यांना जाईल. पुन्हा मागता येणार नाही."

"जाऊ दे," केतकी म्हणाली. "नाव माझ्या सासूचं होतं. त्यांची लेक माझ्यापायी देवाशी खोटी पडली, तर ते नाव मी कुठल्या तोंडानं पाकिटावर छापू?"

मॅडमनी पेन उचललं.

"थांबा."

आवाज इतका खरखरीत होता, की तो कुणाचा, हे क्षणभर कुणाला कळलंच नाही. मंजिरीनं घसा खाकरला. बरेच दिवस न वापरलेल्या रहाटासारखे शब्द करकरत वर आले.

"मंजिरी मोरेश्वर आपटे. राहणार मिरज. आणि गोदाक्का म्हणजे नदी नव्हे हो. गोदाक्का माझी आई."

सोनटक्क्यांचं हसू जागच्या जागी गोठलं.

"उपासाचं धान्य ती कधी वाटीनं मोजायची नाही. ओंजळीनं मोजायची. आम्ही विचारायचो, आई, असं का? तर म्हणायची, वाटी घरागणिक लहानमोठी असते, ओंजळ ज्याची त्याला पुरते. शेजारी कुणाचा उपास असला, की दोन ओंजळी त्यांच्या घरी. म्हणून ते नाव. मी सांगितलं हिच्या कानात. माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सर लावून. त्यानंतर आजवर एकदाही उच्चारलं नाही. माणसापाशी नाही, भिंतीपाशी नाही."

"आता कानोसा वाट दाखवेल," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही बाजू बोलून झाल्याशिवाय ती आम्हालाही दिसत नाही."

पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा उमटला. जिथं जिथं नाव उच्चारलं गेलं, तिथं तिथं पिवळे ठिपके. सांगलीच्या घाटावर त्यांची नुसती दाटी झाली होती. तिथून गल्ल्यांमधून, पेठांमधून वाट फुटत गेलेली. पुण्याकडून येणारी एक रेघही नव्हती. खाली अक्षरं आली. 'वाटेचा आरंभ: नदीघाटावरील देवस्थान. वेळ: पहाट. सोबतचे पहिले शब्द: उपास, कमी पडू देऊ नको.'

केतकीचं मात्र त्या अक्षरांकडं लक्षच नव्हतं. ती मिरजेकडं बघत होती. सांगलीत सगळं पिवळं, आणि मिरज कोरी. अख्ख्या गावात एक ठिपका नाही. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून सगळा गोतावळा हसायचा, तिचं गाव नकाशावर धुतल्या तांदळासारखं पांढरं होतं.

तांबोळी मॅडमनीही ते पाहिलं. मग सोनटक्क्यांकडं वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या चमूला गोदाक्का भेटल्या नव्हत्या वाटतं." आणि त्यांनी शिक्का उचलला.

*

बाहेर व्हरांड्यात ऊन उतरलं होतं. केतकीच्या हातात शिक्क्याचा कागद होता. मंजिरी पुढं पुढं चालत होती.

"वन्सं."

"माझा राग गेलेला नाही," मंजिरी न वळता म्हणाली. "आधीच सांगते. किती घेतलेत, म्हणालीस मला. ते मी इतक्यात विसरायची नाही. दिवाळीपर्यंत तरी नाही."

"नका विसरू."

"आणि अमोघला सांग, जिभेला हाड नाही म्हणालाच असेल तो, मी ओळखते त्याला. त्याला म्हणावं, ताई येतेय रविवारी, सगळं हाड घेऊन येतेय. आणि तिकडं शेजारच्या शिंदेबाईंच्या सुनेला दिवस गेलेत, ते मी इतके दिवस पोटात ठेवलंय, माझं पोट दुखायला लागलं. आणि फ्रीज बिघडलाय, वायर काढून घातली तेव्हापासून..."

केतकी ऐकत राहिली. इतकं सुंदर बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. पायऱ्यांपाशी आल्यावर तिनं भीत भीत विचारलं, "वन्सं, व्रत मोडलंत माझ्यापायी. आता देवाला काय सांगणार?"

मंजिरी थांबली. तिनं केतकीकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मी कशाला सांगू? तूच सांग उद्या पहाटे. तुझं रोजचं बोलणं आहे त्याच्याशी. आणि तेही मोठ्यानं."

मग तिनं पर्स काखेत मारली, पदर खोचला, आणि त्या सरकारी व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पाठ वाकवून उभी राहिली.

"चल. जोरात घाल. त्याशिवाय नाव लागत नाही."